जोम्या, जोम्यास, जोम्याने

"ए जोम्या," मी म्हणाले. वर्गातली सगळी पोरं माझ्यामागून ओरडली, "ए जोम्या." आणि शाळेच्या पडवीतून उत्तर आलं, "जी."

तो माझा बा होता.

वर्ग हसला. गुरुजी हसले. मीही हसले. एवढं एक वाक्य लिहायला मला म्हातारी व्हावं लागलं.

पेणजवळ खाडीकाठी आमचं गाव. मी चौथीत होते. गुरुजी विभक्ती शिकवत होते. फळ्यावर आधी मिठागराच्या मालकांचं नाव घातलं. माधवराव, माधवरावांना, माधवरावांनी, माधवरावांचे. शेवटी संबोधन, अहो माधवराव. मग म्हणाले, आता साधं नाव घेऊ. आणि लिहिलं, जोम्या.

गावात जोम्या एकच. बाचं खरं नाव जोमाजी, पण तसं कोणी म्हणत नसे. पाठ म्हणण्यात मी पहिली, म्हणून गुरुजींनी मलाच पुढे उभं केलं. मी सांगायचं, वर्गाने मागून म्हणायचं. नाव कोणाचं ते मला कळत होतं. तरी म्हटलं. पुढे उभं राहायला मिळालं होतं, ते सोडवेना. जोम्या, जोम्यास, जोम्याने. खणखणीत आवाजात.

बा तेव्हा पडवीत मिठाची टोपली उतरवत होता. हंगामातलं पहिलं मीठ गुरुजींना द्यायची रीत होती. मिठागरातही एक रीत होती. बांधावरून हाक आली की दुसऱ्या हाकेच्या आत 'जी' म्हणायचं. पाय खाऱ्या पाण्यात सोलवटलेले असोत, हात कामात असोत. हाक कोणाची ते बघायचं नाही. बाने बघितलं नाही. टोपली तशीच धरून दारात येऊन उभा राहिला, मान खाली. मान वर केली तर समोर मी.

संध्याकाळी वाटलं, मारील. तो ओट्यावर पायाच्या भेगांना तेल चोळत बसला होता. म्हणाला, "चांगली बोललीस गो. कुठं अडली नाय."

मार परवडला असता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पुन्हा पुढे बोलावलं. मी सुरू केलं. जोमाजी, जोमाजींना, जोमाजींनी.

गुरुजी म्हणाले, "त्याचं तसं होत नाही."

"व्हतं," मी म्हटलं.

हातावर पट्टी बसली. पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा तेच म्हटलं. पुन्हा पट्टी. मी शेवटापर्यंत नेलं, अहो जोमाजी. मागून कोणीही म्हटलं नाही.

चौथीनंतर शाळा सुटली. लग्न होऊन रोह्याला आले, लोकांची धुणीभांडी केली. कोणी 'ए' म्हणून हाक मारली तर मी वळले नाही. त्यापायी दोन घरची कामं गेली. गेली तर गेली. आजही वळत नाही, मरेपर्यंत वळणार नाही.

पण त्या दुसऱ्या दिवशी बा पडवीत नव्हता. तो मिठागरात होता. त्याने माझ्या तोंडून ऐकली ती आदल्या दिवशीचीच हाक. ती मारणारी मी, जोमाजींची थोरली मुलगी.