पाणी न घालणारी मंडळी

हे किस्से घडले तसेच मला आठवतात का, याची मला स्वतःलाच शंका आहे. आधी कोण बोललं, नंतर कोण, यात माझी गडबड होते. शिवाय किस्स्यांचं कोरफडीसारखं असतं. लावावी एक, आणि वर्षाने पाहावं तर भोवती दहा पिल्लं!

वारज्यात जगतापांच्या गच्चीवर आम्ही दहा-बाराजण रविवारी सकाळी जमतो. कोरफड, जेड, हावर्थिया अशा जाड पानांच्या झाडांच्या फांद्या आणि पिल्लं एकमेकांना द्यायची, चहा प्यायचा आणि घरी जायचं. गटात वनस्पतिशास्त्राची डॉक्टरेट माझ्या एकट्याकडे आहे. सर्वांत जास्त झाडं मारण्याचा विक्रमही माझाच. त्यामुळे गावाला जाताना आपली कुंडी माझ्याकडे कुणी ठेवत नसे. ते मला फार लागायचं.

*

पहिल्याच रविवारी मला जेडची फांदी मिळाली. मुळं फुटली का, हे बघायला मी ती रोज उपटायचो. तीन आठवड्यांनी जगतापांकडे तक्रार नेली. जगताप मूळचे इथलेच शेतकरी. शेतात इमारती उभ्या राहिल्या, तशी शेती गच्चीवर आली.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "डॉक्टर, पोराला दर तासाला उठवून इचारता का, झोप लागली का म्हणून?"

*

प्रमिलाताई नारायण पेठेतल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा नियम एकच: तोडलेली फांदी आठ दिवस सावलीत कोरडी ठेवायची, जखम वाळली की मगच लावायची. मला फांदी देऊन आठव्या दिवशी त्यांनी फोन केला.

"आज लावाल ना?"

"आज कशाला? दुसऱ्याच दिवशी लावली!"

"मग कुजली असेल."

मी कुंडीत बघितलं. कुजली होती!

*

आयटीतली सायली नवीन आली, तेव्हा तिने मोबाइल दाखवला. "झाडांना पाणी घालायला मी रोजचा रिमाइंडर लावलाय!"

"छान," प्रमिलाताई म्हणाल्या. "आता तोच पाणी न घालण्यासाठी ठेव."

*

एकदा मी हावर्थियाची पिल्लं वेगळी कशी करावीत, यावर बोलायला उभा राहिलो. मुळांची रचना, बुरशीचा धोका, सुरी निर्जंतुक करणं, सगळं सांगितलं. वीसेक मिनिटांनी मान वर केली, तर जगतापांनी कुंडी उपडी करून सगळी पिल्लं वाटूनही टाकली होती.

"तुमचं चालू द्या सावकाश," ते म्हणाले. "आमचं काम झालं हाय."

*

आणि मग प्रमिलाताई तीन महिन्यांसाठी बंगळुरूला, मुलीकडे निघाल्या. जाण्याआधी स्वतः माझ्या घरी आल्या. हातात हावर्थियाची कुंडी.

"ह्यांनी लावलेलं शेवटचं झाड आहे. आपण सांभाळाल ना? पंधरा दिवसांनी दोन चमचे पाणी. तिसरा नाही."

माझा ऊर भरून आला. पण रोज वाटायचं, बिचारं तहानलं असेल. दुसऱ्या महिन्यात ते बुडाशी लिबलिबीत झालं आणि हातातच आलं.

जगतापांनी तसंच, जरा लहान, एक रोप दिलं. म्हणाले, "पर ताईंना खरं सांगा."

प्रमिलाताई परतल्या. कुंडीकडे बराच वेळ पाहिलं.

"प्रवास मी केला, आणि रोडावलं हे!"

मी "हवामान" असं काहीतरी पुटपुटलो.

"असू दे. विश्वासाने ठेवलं होतं, जगवलंत."

त्यानंतर दर रविवारी सांगायचं ठरवायचो आणि चहा पिऊन परत यायचो. चार वर्षांनी त्या गेल्या. सांगायचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी बंगळुरूला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम त्यांच्या मुलीला भेटलो आणि सगळं कबूल केलं. अगदी हात जोडून.

तिने गॅलरीचं दार उघडलं. कठड्यापाशी हावर्थियाची मोठी, पिल्लांनी भरलेली कुंडी होती.

"काका, बाबांचं झाड हे. आई तेव्हाच डब्यात घालून इकडे घेऊन आली होती. तुमच्याकडे ठेवलेलं तिने आदल्या दिवशी नर्सरीतून आणलं होतं."