भोंग्याचा भुंगा

त्याला भोंगा हे नाव आठवीत पडलं आणि इतकं चपखल बसलं की पुढे त्याच्या सख्ख्या बहिणीसुद्धा त्याला त्याच नावानं हाक मारू लागल्या. आवाजच तसा होता. शेजारच्या मुलाच्या कानात तो काही कुजबुजला तरी ते फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंना ऐकू जायचं, आणि वर्गात कोणीही गडबड केली तरी शिक्षा त्यालाच व्हायची. त्यानं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. एकदा मधल्या सुट्टीत जिन्याच्या आडून त्यानं हुबेहूब मुख्याध्यापकांच्या आवाजात, वर्गात चला, असा हुकूम सोडला. डबे तसेच अर्धवट टाकून अख्खी शाळा निमूट वर्गात जाऊन बसली. त्यांच्यामागोमाग खडूची पेटी घेऊन चित्रकलेचे सरही गेले.

अशा माणसाला बसस्थानकावर उद्घोषकाची नोकरी मिळाली, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. काचेची एक लहानशी खोली, टेबलावर माइक आणि बोलताना बंद करावा लागणारा एक खडखड्या पंखा. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे, कुठली उशिरा सुटणार आहे, हे तो असं सांगायचा की खोळंबलेल्या माणसालाही वाटावं, आपली कोणीतरी दखल घेतली. एखादं मूल हरवलं की त्याला तो मांडीवर बसवून घ्यायचा आणि माइकवरून त्याच्या सदऱ्याचं, केसांचं, गालावरच्या तिळाचं इतकं कौतुकानं वर्णन करायचा, की रडायचं विसरून ते मूलच ऐकत बसायचं. गावात त्याचा चेहरा फारसा कोणी ओळखत नसे. भाजीवालीकडे त्यानं टोमॅटोचा भाव विचारला की ती चमकून वर बघायची आणि म्हणायची, "अय्या, तुम्ही ते गाडीवाले का?"

घर स्थानकापासून फार लांब नव्हतं. वारा घराच्या दिशेनं असला की त्याचा आवाज थेट स्वयंपाकघरात यायचा. शेवटची गाडी उशिरा येणार असं तो म्हणाला, की त्याची बायको तिकडे स्वयंपाक उशिरा चढवायची. त्यांच्या संसाराचं घड्याळ असं माइकवर चालायचं.

निवृत्ती जवळ आली आणि त्याचा आवाज बसला. थंडीनं झालं असेल म्हणून त्यानं अंगावर काढलं, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, आणि बायकोनं फारच टुमणं लावलं तेव्हा डॉक्टरकडे गेला. घशात गाठ निघाली. वेळेवर सापडली होती, त्यामुळे जीव वाचणार होता. पण स्वरयंत्र काढावं लागणार होतं. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर त्यानं बायकोला हाक मारली. ओठ हलले, आवाज मात्र आला नाही. ती शेजारीच बसली होती. ओठांवरूनच तिला हाक कळली आणि ती 'हं' म्हणाली.

आता त्याचा श्वास गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून चालायचा. त्यावर तो पातळ सुती रुमाल बांधायचा. बोलण्यासाठी रुग्णालयातून एक यंत्र मिळालं होतं, टॉर्चएवढं. ते गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की शब्द उमटायचे. पण सगळे एका सुरात, गुणगुणल्यासारखे, ना चढ ना उतार. पहिल्यांदा आरशासमोर उभं राहून त्यानं स्वतःचं नाव उच्चारलं आणि यंत्र खाली ठेवलं. ज्याला सगळे भोंगा म्हणत, त्याचा आता भुंगा झाला होता.

ते यंत्र तो फक्त स्वयंपाकघरात, दार लावून, बायकोशी बोलायला वापरायचा. घराबाहेर त्याच्या वतीनं तीच बोलायची. दुकानदाराशी तीच, शेजाऱ्यांशी तीच, आणि मुलीचा फोन आला की बाबांची तब्येत छान आहे, असं सांगणारीही तीच. हळूहळू त्यानं बाहेर जाणंच सोडलं.

अशात एक दिवस काडीचा फोन आला. काडी म्हणजे त्याच्या वर्गातली मुलगी. शाळेत असताना इतकी बारीक होती की वारा आला की बाकं धरून बसते, असं सगळे म्हणायचे. आता ती चांगली गोलमटोल झाली होती आणि एका वाचनालयात काम करून निवृत्त झाली होती. दहावीच्या वर्गाचं एक स्नेहसंमेलन ठरत होतं आणि सूत्रसंचालन अर्थातच भोंग्यानं करायचं होतं. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. त्यांची तब्येत बरी नसते, असं तिनं सांगितलं. पण काडीचा स्वर इतका मायेचा होता की तिला खोटं रेटवेना, आणि मग काय झालं ते तिनं सगळं सांगून टाकलं.  मग काडी म्हणाली, "वहिनी, तो येऊ नको म्हणेल. तुम्ही त्याला विचारूच नका. आम्ही रविवारी दुपारी येतो."

रविवारी तिघं आले. काडी, मोहरी आणि हुंदका. मोहरी मूर्तीनं लहान, पण तापली की तडतडायची, म्हणून तिचं ते नाव. सगळं आयुष्य तिनं गणित शिकवलं होतं. हुंदक्याला मात्र रडायला काहीही पुरायचं. प्रार्थना जरा हळू लयीत झाली तरी याचे डोळे भरून यायचे. पुढे तो पोलीस खात्यात गेला आणि भल्या मोठ्या मिशा राखून निवृत्त झाला, यावर वर्गातल्या निम्म्या मुलांचा अजून विश्वास बसलेला नव्हता.

त्यांना दारात बघून भोंग्यानं बायकोकडे असं पाहिलं की ती चहा टाकायच्या निमित्तानं आत गेली. तो खुर्चीत अंग चोरून, रुमाल सारखा करत बसला.  काडी पडद्याच्या रंगाबद्दल बोलली. मोहरीनं आपल्या गुडघ्यांची हकिगत सांगितली. हुंदका खिडकीबाहेर बघत मिशा कुरवाळत राहिला, कारण त्याचं जे व्हायचं ते होऊ लागलं होतं.

मग कुणी, कसं कोण जाणे, चित्रकलेच्या सरांचं नाव काढलं आणि गाडी रुळावर आली. प्रयोगशाळेतल्या सांगाड्याला मोहरीनं घातलेली वेणी निघाली. काडीनं भूगोलाच्या तासाला नकाशामागे लपून खाल्लेले पेरू निघाले. आतून बायको चहा घेऊन आली ती तशीच दारापाशी टेकून उभी राहिली. माइकवरचा नवरा तिला ठाऊक होता. हा अर्ध्या चड्डीतला, कान पकडून वर्गाबाहेर उभा असलेला मुलगा ती पहिल्यांदाच बघत होती. भोंगाही हसत होता. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, पण खांदे गदगदत होते.

हुंदक्यानं मग क्रीडादिनाची गोष्ट काढली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत त्याच्या बुटाचा तळ निघाला होता. बाकीची मुलं केव्हाच पोचली, बक्षिसं ठरली, आणि हा एकटा मैदानाच्या पार पलीकडे लंगडत धावत होता. खेळाचे सर पुढच्या स्पर्धेसाठी मैदान मोकळं करायला निघाले होते. नेमका माइक बंद पडलेला. तेव्हा भोंगा टेबलावर चढला आणि नुसत्या गळ्यानं ओरडला.

"म्हणाला, पळ रे हुंदक्या, पळ," असं सांगून हुंदक्यानं डोळे पुसले.

मोहरी म्हणाली, साफ चूक. तो म्हणाला होता, अजून एक बाकी आहे. काडीच्या मते तर तो पुढच्या स्पर्धेची घोषणा करत होता आणि मध्येच त्याला हुंदका दिसला. तिघांची चांगलीच जुंपली. भोंगा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता, हातानं नाही नाही म्हणत होता, पण ऐकतो कोण. ज्या माणसानं जन्मभर एकही गाडी चुकीच्या फलाटावर लावली नव्हती, त्याच्यासमोर त्याचीच गोष्ट भलत्या मार्गाला लागली होती. तो ताडकन उठला आणि आत निघून गेला.

  काडी हळूच म्हणाली, आपण फार बोललो का? हुंदका उठून त्याच्यामागे जाणार, इतक्यात भोंगा परत आला. हातात यंत्र होतं. तो बसला नाही. रुमाल किंचित बाजूला करून त्यानं यंत्र गळ्याला टेकवलं आणि बटण दाबलं.

"मी म्हणालो होतो," तो सपाट, गुणगुणता आवाज खोलीत उमटला, "सर्वांनी जागेवर थांबा. शर्यत संपलेली नाही. आपला गडी अजून मैदानात आहे."

 मग हुंदका जो रडायला लागला तो थांबेचना. काडीनं त्याला पदराचं टोक पुढे केलं आणि मग स्वतःलाच लागलं म्हणून मागे घेतलं. मोहरीचेही डोळे भरले होते, पण ती रागावल्यासारखी म्हणाली, "अरे, मग इतका वेळ आम्हाला खोटं का बोलू दिलंस?"

"तुम्ही बोलू देता होय मध्ये?" भोंगा म्हणाला.

खरंच, तो आवाज भुंग्याचाच होता. पण थांबायचं कुठे, कोणता शब्द जरा लांबवायचा आणि कशानंतर नुसतं बघत राहायचं, हे सगळं भोंग्याचं होतं. त्याला कुठलं यंत्र लागत नव्हतं. त्यानं पुढची शर्यतही सांगितली. सगळं मैदान कसं उभं राहिलं, टाळ्या कशा पडल्या, आणि रेषा ओलांडल्यावर हुंदक्यानं तुटक्या बुटासकट सरांनाच कशी मिठी मारली. बोलता बोलता यंत्राची बॅटरी उतरली, तेव्हा त्यानं बायकोला हातानं खूण केली. तिनं नवी बॅटरी आणून दिली. बसायच्या खोलीत तो बोलत होता आणि खिडक्या सताड उघड्या होत्या, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

संमेलनाचं सूत्रसंचालन काही त्यानं केलं नाही. एवढ्या माणसांत यंत्राचा आवाज पोचला नसता, हे त्याला ठाऊक होतं. तो पहिल्या रांगेत बसून होता आणि जो बिचारा माइकवर होता, त्याला माइक तोंडापासून किती लांब धरावा हे खुणेनं सांगत होता. पण त्या दिवसापासून तो पुन्हा बाजारात जाऊ लागला. पहिल्या दिवशी भाजीवाली दचकली, दुसऱ्या दिवशी तिनं घासाघीस केली.

चौघांचं मात्र कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे असं जमणं सुरू राहिलं. वहिनी आल्या नाहीत तर दार उघडणार नाही, असं मोहरीनं बजावलं होतं, त्यामुळे बायकोही जायची. एकदा काडीच्या घरी पाठ्यपुस्तकातल्या कवितांचा विषय निघाला. कोणाला किती आठवतात, अशी चढाओढ लागली. काडीनं तिला विचारलं, "वहिनी, तुम्हाला कुठली येते?"

ती म्हणाली, तिला सगळ्या अर्ध्याच येतात. भोंग्यानं तिच्याकडे पाहिलं. हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

मग तिनं सांगितलं. आई कामाला जायची, म्हणून धाकट्या भावाला कडेवर घेऊनच ती शाळेत जायची. बाई चांगल्या होत्या, चालवून घ्यायच्या. पण कविता रंगात आली की तो हटकून रडायला लागायचा, आणि त्याला घेऊन तिला व्हरांड्यात जावं लागायचं. परत येईपर्यंत कविता संपलेली असायची. पुस्तक घरात नव्हतंच. सातवीनंतर तिची शाळा सुटली ती सुटलीच.

"एक होती होडीची," ती म्हणाली. "वादळ येतं आणि होडी दिसेनाशी होते. तिथपर्यंत येते मला."

तिनं तिथपर्यंत म्हटली, खाली बघत, पण एकही शब्द न चुकता. ती थांबली आणि पुढची ओळ काडीनं उचलली. मोहरी मिळाली, हुंदका मिळाला. भोंग्यानं यंत्र गळ्याला लावलं. त्याला चाल काही साधत नव्हती, सगळे शब्द एकाच सुरात येत होते, पण तो एकही गाळत नव्हता. चौघांनी मिळून ती होडी वादळातून काढली आणि किनाऱ्याला लावली.

बायको पदर हातात धरून ऐकत होती. 

"म्हणजे ती परत येते होय," ती म्हणाली. "मला आपलं इतकी वर्षं वाटत होतं, ती बुडाली."

मग खुर्ची थोडी पुढे ओढून घेत तिनं सांगितलं, आणखी एक आहे, माळ्याची, तिचंही पुढचं सांगा.