नव्वदपर्यंत

गल्लीत तिला मोजणीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण पाठीमागचं बोलणंही तिच्या कानातून सुटत नसे, आणि खरं सांगायचं तर हे नाव तिला आवडायचं. घराच्या पायऱ्या सतरा. दारापासून बसथांब्यापर्यंत दोनशे चाळीस पावलं, त्यातली तीन डावीकडून, कारण तिथे फुटपाथ तुटलेला आहे. डोळ्यांनी जन्मापासूनच साथ दिली नव्हती आणि त्याबद्दल तिची फारशी तक्रारही नव्हती. तक्रार होती ती लोकांच्या हातांबद्दल. न विचारता दंड धरणारे हात, तिच्या हातातली पिशवी काढून घेणारे हात, तिच्या फोनची बटणं तिच्या आधी दाबणारे हात.

टाइपिंगमध्ये मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बैठका, सुनावण्या, डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल, सगळं ऐकायचं आणि शब्द न् शब्द टाइप करायचा, हा तिचा धंदा. उजव्या कानात माणसाचं बोलणं, डाव्या कानात कॉम्प्युटरचं. पडद्यावर जे उमटेल ते वाचून दाखवणारा प्रोग्राम असतो, तो तिच्या मशीनवर होता, आणि ती दोघं मिळून ऑफिसातल्या कुणाहीपेक्षा लवकर काम संपवत.

मग ऑफिसने मशीनं बदलली. नवं मशीन आलं ते मुकं. त्यावर बोलणारा प्रोग्राम टाकायचा तर वरून परवानगी हवी, आणि वरच्या माणसाला वेळ नव्हता. अकरा दिवस ती मांडीवर हात ठेवून बसली. बाराव्या दिवशी तिला फार गोड शब्दांत निरोप मिळाला. पुढच्या दोन महिन्यांत ती तीन ठिकाणी मुलाखतीला गेली आणि तिन्ही ठिकाणी तेच वाक्य ऐकून आली: "तुम्ही हुशार आहात हो, पण तुमच्यासाठी वेगळा कॉम्प्युटर कुठून आणायचा?"

तिसऱ्यांदा घरी आली तेव्हा तिने चप्पल अशी भिरकावली की बाबांच्या खुर्चीखाली गेली.

"मग मी माझा घेऊन जाईन," ती म्हणाली.

बाबा लेथ मशीनवर अडतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. लोखंडाचं काहीही सांगा, बाकीच्यात त्यांचा आनंदच होता. "एवढं धूड बसमधून नेणार?" त्यांनी विचारलं.

"धूड नाही हो. नुसता जीव न्यायचा."

शाळेतल्या एका मैत्रिणीने फोनवर तिला हे सांगितलं होतं. कॉम्प्युटर चालवणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, ती मशीनच्या पोटातल्या डिस्कवरच असली पाहिजे असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. ती तळहाताएवढ्या एक्स्टर्नल ड्राइव्हवर टाकता येते. बोलणारा प्रोग्राम, आपल्या फाइली, आपल्या सवयी, सगळं त्यावर. ड्राइव्ह कुठल्याही मशीनला जोडायचा आणि मशीन चालू होताना त्याला सांगायचं, आज तुझ्या डिस्कवरून उठू नकोस, माझ्या ड्राइव्हवरून ऊठ. काम झालं की ड्राइव्ह काढून घ्यायचा. त्यांच्या मशीनच्या केसालाही धक्का नाही.

खाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार भला माणूस, म्हणाला, "ताई, मी करून देतो की, अर्ध्या तासाचं काम."

"मला सहा दिवस लागतील," ती म्हणाली. "पण बिघडला तर तुम्हाला शोधत यावं लागणार नाही."

नऊ दिवस लागले. ड्राइव्हची वायर कुठल्या बाजूने सरळ हे चाचपून कळेना, म्हणून बाबांनी कानशीने वायरच्या टोकावर वरच्या बाजूला बारीकशी खाच पाडून दिली. मशीन सुरू होताच नाकातल्या आवाजात "बोला बाई" म्हणेल अशी सोय तिने केली होती. नवव्या दिवशी घरचा कॉम्प्युटर तसं म्हणाला आणि तिने स्वयंपाकघरातून बाबांना हाताला धरून आणलं. तीन वेळा बंद करून तीन वेळा ऐकवलं. तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह घेऊन ती ऐटीत खाली दुकानात गेली. जोडला. मशीन सुरू केलं. काही नाही. दुसऱ्या मशीनला जोडला. काही नाही.

"ताई, पडद्यावर येतंय की सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही," दुकानदार हळूच म्हणाला.

तोंड एवढंसं करून ती वर आली, तर बाबा दारातच उभे. गुन्हेगारासारखे. "मी फक्त गाणी लावायला गेलो होतो गं. कशालाही हात लावला नाही. पण आपला कॉम्प्युटर सुरूच होत नाही."

आता हे म्हणजे घरचंही गेलं आणि दारचंही गेलं. ती खुर्चीत बसली. ड्राइव्ह घराबाहेर नेला तर चालत नाही. ड्राइव्ह नसला तर घरचा चालत नाही. दोन्ही एकत्र असले की काय चालतात! तिने हे तीनदा स्वतःशी म्हटलं आणि मग कपाळावर हात मारला. सिस्टिम सगळी ड्राइव्हवर गेली होती. पण तिला जागं करणारा जो चिमुकला प्रोग्राम असतो, तो सिस्टिम भरताना गुपचूप घरच्या कॉम्प्युटरच्या पोटातल्या डिस्कवर जाऊन बसला होता, आणि तिथून उठताना ड्राइव्हलाच शोधत होता. विचारणा झाली होती, आणि तिने घाईत 'हो' म्हटलं होतं.

बाबांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे कुलूप घेऊन गेलीस आणि किल्ली घरीच."

"अगदी तसं."

"मग घरच काढून टाक. किल्ली ठेवायला दुसरी जागाच राहणार नाही."

अडाणी सल्ला म्हणून ती हसणार होती, पण हसू ओठांवरच थांबलं. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. बाबांनी पेचकस आणला, डबा उघडला आणि चार स्क्रू काढून पोटातली डिस्क बाहेर ठेवली. ते स्क्रू काढताना बाबा शीळ घालत होते, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. तिने पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. आता समोर एकच ड्राइव्ह असल्यामुळे त्या चिमुकल्याला पळायला वाट नव्हती. घरची डिस्क परत बसवून तिची घडी नीट करण्यात आणखी एक दिवस गेला, आणि तिसऱ्या दिवशी दुकानातलं मशीन सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणालं, "बोला बाई."

पण खरी मेख पुढेच होती. आपली सिस्टिम उठेपर्यंत मशीन मुकंच असतं. कुठल्या ड्राइव्हवरून सुरू होऊ, ही यादी ते पडद्यावर दाखवतं आणि ती वाचून दाखवायला त्या क्षणी कुणीच नसतं. ती यादी आणायचं बटण प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि यादीतली जागाही कधी पहिली, कधी तिसरी. पंधरा दिवस ती दुकानातल्या भंगाराच्या ढिगात बसली. कुठल्या मशीनला कुठलं बटण, ते ब्रेलच्या कार्डांवर टोचून घेतलं. यादीतल्या जागेवर मात्र तिने एकच उपाय काढला: अंदाजाने एक जागा निवडायची आणि नव्वदपर्यंत मोजायचं. तेवढ्यात आवाज आला तर आपलं नशीब. नाही आला, तर बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं आणि दुसरी जागा निवडायची. ज्या सवयीवरून गल्ली हसायची, ती अशी कामाला आली.

चौथी मुलाखत एका मोठ्या कार्यालयात होती. तिने फोनवर आधीच सांगितलं होतं की माझा कॉम्प्युटर मी आणते. तिथल्या मुख्य बाईंनी त्यांच्या मशीनवाल्याला विचारून होकार दिला होता, अट एवढीच की आमच्या डिस्कला हात लागता कामा नये. बाबा सोबत होते. त्यांना तिने बसमध्येच बजावलं होतं, "काहीही झालं तरी उठायचं नाही." ते दाराजवळच्या बाकावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

मधल्या टेबलावरचं मशीन मिळालं. "कुठल्या कंपनीचं?" तिने विचारलं, उत्तर ऐकलं, कार्ड चाचपलं. खाच वर करून ड्राइव्ह जोडला. मशीन सुरू केलं, बटण दाबलं, बाण दोनदा खाली, एंटर. मोजायला लागली.

नव्वद झाले. आवाज नाही.

बंद. पुन्हा सुरू. बाण तीनदा खाली. साठ. सत्तर. ऐंशीच्या सुमारास मशीनने नुसतं टिंग केलं. म्हणजे ते आपल्याच डिस्कवरून उठलं होतं. शेजारच्या टेबलांवरची टकटक थांबली होती, आणि थांबलेली टकटक तिला बरोबर ऐकू येत होती.

"अहो, मी नुसतं वाचून सांगते ना," मुख्य बाई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. "कितवं आहे एवढंच."

सांगू दिलं असतं तर काही आभाळ कोसळलं नसतं. पण उद्या या बाई रजेवर गेल्या तर? परवा बदली झाली तर? मग परत मांडीवर हात ठेवून अकरा दिवस.

"थँक्यू, मॅडम," ती म्हणाली. "मला आणखी नव्वद आकडे द्या."

बंद. पुन्हा सुरू. बाण एकदाच खाली. एंटर. चाळीस. पन्नास. बाबांच्या बाकाची करकर तिला ऐकू आली, पण ते उठले नाहीत. साठ. एकसष्ट.

"बोला बाई," मशीन म्हणालं.

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले, आणि त्यात तीही हसली. चाचणीसाठी एका बैठकीचं रेकॉर्डिंग होतं, चार माणसं एकाच वेळी भांडत होती. भांडणं तिच्या ओळखीची होती. तिने ठरलेल्या वेळेच्या बरंच आधी कागद पुरा केला. मुख्य बाईंनी तपासताना एक चूक काढली. तिने ते वाक्य पुन्हा ऐकवलं. चूक बोलणाऱ्याची निघाली.

"पुढच्या सोमवारी या," बाई म्हणाल्या. मग थोडं अडखळून, "फक्त टेबलाचा प्रश्न आहे. हे ज्यांचं मशीन आहे त्या उद्या येतील. तुमच्यासाठी वेगळा कॉम्प्युटर..."

वाक्य तिला पाठ होतं. चौथ्यांदा ऐकायची तिची तयारी नव्हती.

"रिकामं टेबलच नाही?"

"कोपऱ्यात एक आहे हो. पण ते मशीन बंद पडलंय, सहा महिने झाले. डिस्क जळाली. मशीनवाला नवीन बसवतो म्हणतोय."

"बाकी सगळं ठीक आहे ना? फक्त डिस्क?"

"डिस्कच नाही तर राहिलं काय त्यात?"

ती उठली. नऊ पावलं झाली. खुर्चीवर कुणीतरी फाइली ठेवल्या होत्या, त्या खाली काढून बसली. कीबोर्डवरची धूळ फुंकली. खाच वर करून ड्राइव्ह जोडला आणि मशीन सुरू केलं. बटण दाबायला तिचं बोट वर गेलं आणि तिथेच थांबलं. या मशीनच्या पोटात डिस्क जिवंत नव्हती. म्हणजे यादीत एकच नाव, तिचं. निवडायचं काही नव्हतं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न मोजता वाट पाहिली.

"बोला बाई."

बाक जोरात करकरला. या वेळी बाबा उठले होते. ती त्यांना काही म्हणाली नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "मशीनवाल्याला सांगा, नवीन डिस्क आणू नका. हे टेबल भरलं."