चिमीचं ऑपरेशन करायचं का?

मित्रांनो, आज सकाळी नातीच्या चिमीला सांगलीत डॉक्टरांकडे नेलं. चिमी म्हणजे फेरेट, मुंगसासारखा लांबट, लाडका जीव. तिच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनमध्ये कदाचित जाईल. नाही केलं तर फार दिवस नाहीत."

सत्तरच्या दशकात आमच्या माण तालुक्यातल्या गावी बैल आजारी पडला की वडील त्याच्यापुढं गूळ धरायचे. म्हणायचे, "खाल्ला तर झुंजायचं रं. न्हाई तर छळायचं न्हाई."

नातीला तेच सांगितलं. तिनं बोटावर अंड्याचा बलक धरला. चिमीनं हळूच चाटला.

नात रडत म्हणाली, "आजोबा, हिला जगायचंय, की हिनं माझं मन राखलं?"

संध्याकाळी डॉक्टरांना कळवायचंय. तुम्ही काय ठरवलं असतं?