सगळ्या मापांचे खोके

शहाद्याच्या बाजारात बायकांच्या कपड्यांचं एक दुकान आहे. तिथल्या मालकीणबाईंचं नाव मला आजवर माहीत नाही. डोक्यावर पदर, तोंडात बडीशेप आणि आवाज असा, की बाहेरच्या रिक्षावाल्यालाही माझं माप कळावं.

"ब्लाऊज कितीना लागस?"

"छत्तीस. पण ब्रा छत्तीसची बसत नाही हो मला. टेपने मोजा तरी!"

टेपला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेमच. ब्लाऊजचं माप तेच ब्राचं. त्यांनी छत्तीसचा खोका उघडला, एक ब्रा माझ्या कुर्त्यावरूनच धरून पाहिली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलीसुद्धा. घालून बघायची सोय नाही आणि नेलेली परत घेत नाहीत.

मी वैतागले. "अहो, शाळेत शिकवते मी. फळ्यावर लिहायला हात वर केला, की ही मागून वर चढते आणि पट्टे खांद्यात रुततात!"

"अंगले सवय व्हई जास, ताई."

बोलता बोलता त्यांनी पदराआड अंगठा घातला, खांद्यात रुतलेला स्वतःचा पट्टा उचलला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. त्यांच्या पाठीमागे छतापर्यंत खोके रचलेले होते, सगळ्या मापांचे.