मंगळवारचा मास्तर

४ फेब्रुवारी, मंगळवार. मशीन लावायचं म्हणून सासऱ्यांच्या सदऱ्यांचे खिसे तपासत होते. तपकिरीची डबी, खडीसाखर... आणि एका बिल्डरचं व्हिजिटिंग कार्ड.

या ग्रुपवर भुताखेतांचे अनुभव लिहिताना बरेच जण अमावास्येपासून सुरुवात करतात. माझी या कार्डापासून आहे. मी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपचे अकाउंट्स बघते. व्हाउचर दिसल्याशिवाय काही मानायची मला सवय नाही. त्यामुळे हे वाचून कोणी उपाय-तोडगे सुचवू नयेत, एवढी विनंती.

आम्ही डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या बाजूला राहतो. सासरे — त्यांना आम्ही दादा म्हणतो — तरुणपणी मिठागरात राबले. आता खाडीलगतचा जमिनीचा एक तुकडा त्यांच्या नावावर उरलाय, बाकी सगळीकडे बिल्डिंगी. काचबिंदूने नजर गेली. उजेड-अंधार कळतो, इतकंच. सहीच्या जागी अंगठा. मिस्टर मस्कतला. म्हणजे दादांनी कुठे अंगठा उठवला तर जाब मला द्यायचा.

दर मंगळवारी शेजारचा सुरेश त्यांना रिक्षाने वाचनालयात सोडायचा. तिथे खालच्या खोलीत रिटायर्ड मंडळी त्यांना पेपर वाचून दाखवत. पण दिवाळीपासून दादा वरच्या मजल्यावर, संदर्भ विभागात बसतात, हे मला त्या सकाळी सुरेशकडून कळलं.

"दादा, हे कार्ड कोणी दिलं?"

"दिला असंल कोनी गेटवं."

"आणि वर कोण असतं तुमच्यासोबत?"

"मास्तर. तो वाचतं, मी आयकतंय. आपले खाराचा, मिठागराचा पुस्तक हाय. मिठावं कर कसा लावला, कल्यानचे सावकार हुंडी कशी लिवायचे..."

"नाव काय मास्तरचं?"

"मास्तरला कोन नाव इचारतं?"

दादा खुलले होते. म्हणाले, वाचता वाचता मास्तर मधेच पुस्तक फिरवतो, खालचं वर. उघाडीवरच्या राखणदाराची गोष्ट आली की फिरवतो — उघाडी म्हणजे खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं दार — आणि थोड्या वेळाने परत सरळ करतो. टेबलावर पुस्तक घासल्याचा आवाज येतो.

"म्हणजे त्याला वाचताच येत नाही," मी म्हटलं. "पुस्तक उलटंसुलटं धरून थापा मारतोय. एक दिवस कागद पुढे करील आणि तुम्ही अंगठा द्याल."

"तुला सगले चोरच दिसतान."

"दिसतात म्हणून घर चाललंय. आजचा शेवटचा मंगळवार. पुढच्या आठवड्यापासून रिक्षा बंद."

दादांनी खडीसाखर परत मागून घेतली आणि काठी चाचपायला लागले. आठवड्यातून तेवढंच एक बाहेर पडणं होतं त्यांचं. ते मला माहीत नव्हतं असं नाही.

मी हाफ डे टाकला. दुपारी वाचनालयाच्या गेटवर एका पोऱ्याने माझ्याही हातात तेच बिल्डरचं कार्ड कोंबलं. येईल-जाईल त्याला वाटत होता. म्हणजे कार्डाचा उलगडा झाला. मास्तरचा बाकी होता.

वरच्या दाराच्या काचेतून पाहिलं. दादा टेबलाशी एकटे. समोर मिटलेलं पुस्तक, समोरची खुर्ची मागे सरकवलेली. मान थोडी कलती करून ऐकत होते. मधेच हसले, म्हणाले, "फिरव, फिरव."

मी दार ढकललं. "दादा, मास्तर कुठाय?"

"हा काय, आत्ता उठला. तू आयलीस म्हनून."

मी आधी कपाटांच्या मागे बघितलं. मग मागचं दार... बाहेरून कुलूप. खिडक्यांना जाळी. तोवर ग्रंथपाल जोशीबाई आल्या. खरं सांगते, माझा त्यांच्यावरही संशय होता.

"इथे यांना कोण वाचून दाखवतं?"

"कोणीच नाही हो," त्या म्हणाल्या. "देणगीत एक कपाट आलंय, जुनी पुस्तकं. मिठावरची जकात, कल्याणची सावकारी, बंदराचं उत्पन्न... सगळी आपल्याच भागाबद्दल. कोणी फिरकत नाही तिकडे. दादा 'खाराचं पुस्तक द्या' म्हणतात, मी हातात देते. ते घेऊन बसतात. मला वाटलं, घरी करमत नसेल."

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

"आणि हे वाचलेलं असणं शक्यच नाही," त्यांनी पुस्तक उचललं. "पूर्वी काही पुस्तकं पानं न कापताच विकायचे. घेणाऱ्याने घड्या स्वतः सुरीने कापायच्या. ही बघा, पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडलेली."

खरंच होतं. पानांच्या कडा बंद. फटीतून काळी अक्षरं दिसत होती, पण एक ओळ धड वाचता येईना.

"कापा," मी म्हटलं.

"अहो, जुनं पुस्तक आहे."

"यांचा अंगठा त्याहून महाग आहे. कापा."

त्यांनी स्टीलची पट्टी घेतली. घड्या एकेक करून सुटत गेल्या, कागदाची धूळ टेबलावर पडत गेली. मध्यावर त्यांचा हात थांबला. पुढची काही पानं उलटी शिवली होती. बाइंडरची चूक. त्याआधीच्या पानावरची शेवटची ओळ उघाडीच्या राखणदाराची होती. तिथून गोष्ट उलटी होत होती आणि काही पानांनी परत सरळ.

जोशीबाई खुर्चीत बसल्या. समोरच्या नाही, बाजूच्या.

मी तेव्हापासून हिशोब मांडतेय. दुसरी प्रत कोणी वाचून दाखवली असेल? असेल, पण शिवणीची चूक या प्रतीतली. दादांनी लहानपणी गोष्ट ऐकली असेल? असेल, पण पुस्तक कुठे फिरवायचं, हे ऐकून कसं कळेल? कुठलाच ताळा जुळत नाही.

रिक्षात दादांनी विचारलं, "पानं कापलीस?"

"हो."

"बरा केलास. लय तरास व्हायचा त्याला."



दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेशला फोन केला. "मंगळवारी नेहमीसारखा ये. दादांना वर सोड, आणि त्यांच्याबरोबर कोणी खाली उतरलं तर मला लगेच फोन कर." मग कपाटातून जमिनीचे कागद काढले, बँकेत गेले आणि लॉकरमध्ये ठेवून आले. मास्तर कोणी का असेना.