शालनचं हाड आणि माझा कांदा

सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका हॉस्पिटलात मी नवखी डॉक्टर म्हणून हाऊसमनशिप करत होते. आमची डॉक्टरकीची पुस्तकं लिहिणाऱ्यांना कसली भूक लागलेली असायची कोण जाणे... आजारी लिव्हर जायफळासारखं, प्लीहा साबुदाण्यासारखी, हाड कांद्यासारखं. पाठ करून करून वैताग यायचा.

एका सोमवारी तासगावजवळच्या एका गावातून शालन आली. अकरा वर्षांची, मांडी सुजलेली, अंगात ताप. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडावर नव्या हाडाचे एकावर एक थर चढलेले दिसले. जंतुसंसर्ग असेल, नाहीतर कॅन्सर... तुकडा काढून तपासल्याशिवाय कळणार नव्हतं.

राउंडला सर म्हणाले, ‘ओनियन पील’. मग मी अतिशहाणी... तिच्या आईला, अनसूयाबाईंना, मराठी करून सांगितलं की हाड कांद्यासारखं झालंय, उद्या ऑपरेशन करून तुकडा काढायचाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉट रिकामी. शेजारची पेशंट म्हणाली, पोरीला कांदा बाधलाय, तो बंद केला की झालं, असं सांगून आई घेऊन गेली. सर माझ्यावर चिडले, मी त्या बाईंवर... आणि त्यांच्या गावाला जायला निघाले तर एसटी तासभर उशिरा सुटली म्हणून कंडक्टरवरसुद्धा.

त्यांच्या घरी पोचले तर शालन तापानं फणफणलेली. मी अनसूयाबाईंना चांगलंच फैलावर घेतलं. पोरीच्या जिवाशी खेळताय, असंही बोलून गेले.

मग त्या हळूच म्हणाल्या, “आवं डाक्टरीणबाई, रोज भाकरीसंगं कांदा मीच दिला की तिला. तुमी सांगितलं तवापासनं माझा जीव मलाच खातोय.”

तिथंच जमिनीवर बसले आणि सांगितलं... हाडाच्या आत काहीतरी बिघडलंय, म्हणून हाड वरून थर चढवतंय. खाण्यापिण्याचा काही संबंध नाही, तुमचं काहीही चुकलेलं नाही. पण तुकडा तपासायलाच हवा.

“आसं सांगायचं की मग,” एवढंच म्हणून त्या शालनचे कपडे पिशवीत भरायला लागल्या.

ऑपरेशनमध्ये पू निघाला. तपासणीत कॅन्सर नव्हता. कित्येक आठवडे इंजेक्शनं झाली, पण शालन स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली.

पुढे आयुष्यभर प्रॅक्टिस केली. पेशंटला काही समजावलं की शेवटी विचारायचे, “आता मला सांगा, तुम्हाला काय कळलं?” बाहेर रांग खोळंबायची, माझीही चिडचिड व्हायची... पण उत्तर ऐकल्याशिवाय कधी कुणाला उठू दिलं नाही. अनसूयाबाईंचे उपकार.